प्रहराप्रमाणे राग वाजवणारा डबा: एका जुन्या रात्रपाळीवाल्याचं मत

रात्री बारा ते पहाटे सहा या वेळात ज्यांचे डोळे उघडे असतात त्यांनी हा डबा घ्यावा. संध्याकाळी चहासोबत मागं काहीतरी शास्त्रीय वाजत राहावं एवढीच हौस असेल तर साडेचार हजार घालवू नका. आकाशवाणीची 'रागम' वाहिनी २०१६ पासून चोवीस तास सुरू आहे आणि मोबाइलवर फुकटात ऐकू येते. हा झाला निकाल. कारणं लांबलचक आहेत, वेळ असेल त्यांनी पुढं वाचावं.

वस्तू अशी: वीतभर उंचीचं, सागवानी दिसणारं खोकं. सागवान कुठलं, वरून नुसता कागद चिकटवलाय. ओला हात लागला की कोपरे फुगतात. समोर जाळी, जाळीमागं एकच स्पीकर, उजवीकडे आठ घरांची गोल खुंटी. प्रत्येक घरापाशी सूर्याचं नाहीतर चंद्राचं चित्र. खुंटी 'ऑटो'वर ठेवली की डबा स्वतःच्या घड्याळावर चालतो आणि त्या त्या प्रहराचे राग लावतो, दर तीन तासांनी घर बदलतं. मागं पेन ड्राइव्हची खाच, बाहेरचे स्पीकर जोडायची सोय आणि तानपुऱ्याचं वेगळं बटण. कंपनीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. डबा तोच असतो, दुकानागणिक वरचं स्टिकर तेवढं बदलतं.

मी घेतला नागपुरात, बर्डीवर. दुकानात पोरगा यमन लावून उभा होता, सकाळी अकराला. मी म्हटलं, मालकौंस लाव. तो म्हणे, "काका, तो आता लागत नाही जी, रात्रीच लागते." म्हटलं, लागत नाही म्हणजे? "मशीनच तशी हाय. टायमाच्या बाहेर वाजवत नाही." मला गंमत वाटली. रागांच्या वेळा शास्त्रात मांडणाऱ्या भातखंड्यांनाही इतका कडक शिष्य मिळाला नसता. मग यमन कसा वाजून राहिला, हे मी विचारलं नाही. त्याच्या घड्याळात रात्रीचे आठ झाले असतील. घरी येऊन पुस्तिका वाचली तेव्हा कळलं की खुंटी दाबून धरली की कुठलाही प्रहर कधीही लागतो. दुकानदाराला सांगायचं राहूनच गेलं. तो अजूनही गिऱ्हाइकांना तेच सांगत असेल.

मी कोराडीच्या वीज केंद्रात ऑपरेशनला होतो. नोकरीभर पाळ्या केल्या. रात्रपाळीच्या माणसाला निवृत्तीनंतर पेन्शनसोबत निद्रानाशही मिळतो. पहाटे तीनला टक्क जाग, आणि त्या वेळी करायचं काय हा प्रश्न. लहानपणी नागपूरच्या महाल भागात गुरुजींकडे दोन-चार राग गिरवले होते तेवढी माझी पुंजी. बायको मात्र विशारद आहे, शाळेत गाणं शिकवायची. त्यामुळे या लेखात जिथं कान नेमका वाटेल तिथं तो तिचा समजा आणि जिथं वायरी-व्होल्टेज येईल तिथं माझा.

आधी डब्याची खरी कमाई सांगतो. रात्रीचे राग आपण ऐकतो कुठं? मैफलीत म्हणाल तर २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावरचे लाउडस्पीकर बंद केले. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव एकेकाळी रात्रभर चालायचा आणि लोक उजाडताना भैरवी ऐकून घरी जायचे. आता तो विषयच संपला. आपल्याकडे सिव्हिल लाइन्सच्या वसंतराव देशपांडे सभागृहातसुद्धा साडेनऊ वाजले की आयोजक विंगेतून घड्याळ दाखवायला लागतात आणि अर्ध्या हॉलला ऑटोरिक्षाची काळजी पडते. म्हणजे मालकौंस ऐकायचा तर साडेआठला, दरबारी असलाच तर नऊला. नऊला नागपुरात लोकांची जेवणंसुद्धा उरकलेली नसतात. आणि पहाटेचे राग म्हणजे वर्षातून एकदा दिवाळी पहाट. त्यातही निवेदकाचं बोलणं आणि नाट्यगीतं वजा केली की ललितच्या वाट्याला फार तर वीस मिनिटं.

या डब्यानं मला बारा ते तीनचा दरबारी बाराला दिला. हे किती मोठं आहे ते ऐकल्याशिवाय कळत नाही. दरबारीचा सगळा कारभार खाली, मंद्र सप्तकात. त्याचा कोमल गंधार (उतरलेला ग) एका जागी उभा राहत नाही, सावकाश झोके घेतो. दिवसा रस्त्यावरून एक बुलेट गेली की ते झोके संपले. रात्री साडेबाराला आमच्या प्रतापनगरातली गल्ली झोपलेली असते, कुत्री सोडून. तेव्हा तो गंधार खोलीत पुरता ऐकू येतो. मालकौंसचंही तसंच. त्यात रिषभ (रे) नाही, पंचम (प) नाही, सगळी भिस्त मध्यमावर (म). डब्यातल्या तानपुऱ्याला पंचम, मध्यम, निषाद (नि) असे तिन्ही पर्याय दिलेत हे इथं कामी येतं. मालकौंसाच्या मागं तानपुरा पंचमात वाजत असला तर ते कानाला खुपतं. ज्यानं ही सोय ठेवली त्या माणसाला गाणं कळतं, बाकी डबा कुणीही केलेला असो.

तीन ते सहाच्या घरात सोहनी, परज, ललित. ललितमध्ये दोन्ही मध्यम शेजारीशेजारी येतात आणि पंचम नसतो. कॉलेजच्या दिवसांत मी तो कुठल्याशा भर दुपारच्या कार्यक्रमात ऐकला होता आणि मला तो बेसूर वाटला होता. पहाटे चारला, अंधारात, दोन मध्यमांच्या मधली ती फट कळते. रागाला वेळेचं बंधन खरंच असतं का, यावर माझा फारसा विश्वास नाही. दक्षिणेत कर्नाटक संगीतवाले वेळ इतकी कसोशीनं पाळत नाहीत आणि त्यांचं काही अडत नाही. ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत तर कायम ट्यूबलाइटचाच प्रहर. पण पिढ्यान् पिढ्या ज्या वेळेला जे ऐकलं गेलं, ते त्या वेळेच्या गळ्यात पडलंय. सवय म्हणा. सवय ही काही लहान गोष्ट नाही.

डब्याचा दुसरा गुण म्हणजे तुलना. मारवा, पूरिया आणि सोहनी या तिघांचे स्वर तेच: रिषभ कोमल, मध्यम तीव्र (चढा), पंचम वर्ज्य. मारव्यात रिषभ-धैवताला (रे-ध) मान आणि षड्ज (सा) टाळत टाळत चालायचं. पूरियात गंधार-निषाद, आणि वावर खाली मंद्रात. सोहनी सगळी वरच्या षड्जाच्या आसपास, चपळ. पहिला सूर्यास्ताचा, दुसरा दिवेलागणीनंतरचा, तिसरी रात्र सरतानाची. खुंटी फिरवून तिघं पाठोपाठ लावले तर दहा मिनिटांत जे कळतं ते मला गुरुजींच्या छड्यांनीही कळलं नव्हतं. शेजारचा मुलगा कॉमर्सला आहे आणि त्याला गाण्यातलं काही कळत नाही. त्यालाही मी हे ऐकवलं. तो म्हणाला, "आजोबा, तिसरी घाईत आहे." बरोबर आहे त्याचं.

आता तक्रारी.

सगळ्यात मोठी तक्रार ही की डब्याला घड्याळ कळतं, गाणं कळत नाही. ऑटोवर असताना सहाचा ठोका पडला की जे चाललंय ते तिथंच तोडून तो पुढच्या घरात उडी मारतो. अमीर खाँसाहेबांची एक जुनी एलपी आहे, एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी. डब्यात दोन्ही आहेत. अर्थात दोघांमध्ये सहा तासांची भिंत, मारवा संध्याकाळच्या घरात आणि दरबारी मध्यरात्रीच्या. खाँसाहेबांचा मारवा ज्यांनी ऐकलाय त्यांना ठाऊक आहे की तो किती सावकाश चालतो, झुमरा तालाच्या एकेका आवर्तनात माणूस किती वेळ लोंबकळत राहतो. कोमल रिषभावर जाऊन थांबतात, धैवतावर येऊन थांबतात, आणि आपण वाट बघतोय की आता षड्ज लागेल, आता लागेल. एका संध्याकाळी मी पायरीवर बसलो होतो. आलाप खालून वर येत होता, धैवत झाला, रिषभ झाला, बायको पोळ्या लाटायची थांबून दारात येऊन उभी राहिली, आणि षड्जाच्या तोंडाशी खटकन आवाज बंद. एक सेकंद काही नाही. मग यमनचा तानपुरा सुरू. बायको म्हणाली, "अहो, माणसाला पाण्याच्या काठी नेऊन परत आणलं यानं." त्या दिवशी तो षड्ज शेवटी तिनंच गाऊन दिला आणि पोळी टाकायला गेली. बनवणाऱ्यांना मी फोन केला होता. पलीकडचा पोरगा गोड बोलला, म्हणाला, "सर, पुढच्या अपडेटला येईल." डब्याला इंटरनेट नाही. अपडेट येणार कुठून, हे त्यालाही सांगता आलं नाही.

यावरून दुसरी गोष्ट निघाली, आणि इथं माझ्यातला शिफ्ट इंजिनिअर जागा झाला. डब्यानं दिवस सहा ते सहा धरलाय आणि त्याचे तीन-तीन तासांचे चार सरळ तुकडे केलेत. सोपं आहे, पण नागपूरचा सूर्य असा वागत नाही. जूनमध्ये इथं साडेपाचला उजाडतं आणि मावळायला सात वाजतात. डिसेंबरात सूर्य पावणेसातनंतर उगवतो आणि साडेपाच-पावणेसहालाच जातो. आपण मुंबईच्या पूर्वेला, त्यामुळे त्यांच्यापेक्षा आपलं सगळं पंचवीस मिनिटं आधी. जुन्या हिशोबात सूर्योदय ते सूर्यास्ताचा चौथा भाग म्हणजे एक प्रहर. तो हिशोब इथं लावला तर जूनचा प्रहर तीन तास वीस मिनिटांचा होतो आणि डिसेंबरचा पावणेतीन तासांचासुद्धा भरत नाही. डबा दोघांना एकाच फूटपट्टीनं मोजतो. परिणाम असा की नवतपाच्या दिवसांत, बाहेर पंचेचाळीस डिग्री, भिंती तापलेल्या, ऊन अजून तासभर हटायचं नाही, आणि सहाच्या ठोक्याला हा यमन लावून बसतो. यमन म्हणजे दिवे लागल्यावरचा राग. भर उन्हात त्याचा तीव्र मध्यम ऐकायला नको वाटतो.

भातखंडे (१८६०-१९३६) या बाबतीत डब्यापेक्षा शहाणे निघाले. त्यांनी रागांचे वेळेप्रमाणे तीन गट केले ते स्वरांवरून. रिषभ कोमल आणि गंधार शुद्ध असलेले संधिप्रकाश राग, ते चार ते सात, पहाटे आणि संध्याकाळी दोन्ही वेळा. रिषभ-धैवत शुद्ध असलेले त्यानंतर, सातपासून पुढं. मग दहापासून गंधार-निषाद कोमल असलेले. आणि सकाळ की संध्याकाळ हे बहुतेक वेळा मध्यम सांगतो: शुद्ध असेल तर सकाळकडे ओढा, तीव्र असेल तर संध्याकाळकडे. म्हणून मध्यमाला अध्वदर्शक, म्हणजे वाट दाखवणारा, स्वर म्हणतात. आता चार ते सात ही खिडकी नागपूरला लावून बघा. इथला वर्षातला सगळ्यात लवकरचा सूर्योदय साडेपाचचा, सगळ्यात उशिराचा सातच्या पाच-सात मिनिटं आधीचा. सूर्यास्तही साडेपाच ते सातच्या आत. बाराही महिने, दोन्ही संध्या त्या खिडकीत बसतात. म्हातारबुवांनी नागपूर डोळ्यांसमोर ठेवून ठरवलं असेल असं नाही, पण आपल्याला फिट्ट बसतं.

तर माझा उपाय लिहून घ्या. डब्याचं घड्याळ बरोबर एक तास मागं लावा. मग त्याचे तीन ते सहा म्हणजे आपले चार ते सात. संध्याकाळी मारवा, पूर्वी, श्री, पूरिया धनाश्री हे राग आपल्या जागेवर येतात आणि यमन सातनंतर लागतो. सकाळी थोडं अडतं. डब्यानं भैरव पुढच्या घरात टाकलाय, तो सातला सुरू होतो. जानेवारीत ते झकास जमतं, उन्हाळ्यात मात्र सातला टाकीचं पाणीसुद्धा तापलेलं असतं. त्यासाठी भैरव-रामकलीचं घर हातानं लावायचं. आणखी एक तोटा म्हणजे डब्याच्या तोंडावरचं घड्याळ चुकीची वेळ दाखवतं. आमच्याकडे आलेल्या पाहुण्यानं तेच बघून निवांत दुसरा चहा मागितला आणि त्याची गाडी चुकता चुकता राहिली. आता मी त्या आकड्यांवर चिकटपट्टी लावलीय.

रागांची नावं लावण्यात एक घोळ आहे, तो बायकोनं पकडला. संध्याकाळी सात-साडेसातला पडद्यावर 'भूपाली' आणि ती स्वयंपाकघरातून ओरडली, "काहो, या वेळेला देसकार काय लावून बसलात?" मी म्हटलं, भूप आहे, इथं लिहिलंय. "लिहिलं असेल. ऐका ना, धैवतावर बसून राहिलाय तो." मी ऐकलं. भूप आणि देसकार यांचे पाचही स्वर सारखे, सा रे ग प ध. पण भूपात गंधार मोठा आणि चालणं मध्यावर, शांत. देसकारात धैवत मोठा, वावर वरच्या अंगाला, आणि वेळ सकाळची. किशोरीताई आमोणकरांचा भूप डब्यात पुढंच होता. तो लावून पाहिला आणि शंकाच उरली नाही. म्हणजे कुणीतरी यादी करताना पाच स्वर मोजले आणि लेबल चिकटवलं. बाकी लेबलं तिनं बऱ्यापैकी तपासली. मुलतानी, भीमपलासी, तोडी, बिहाग, बागेश्री सगळं ठीक आहे. सारंगाचे दोन-तीन प्रकार एकाच नावाखाली कोंबलेत, पण ते चालून जातं.

संग्रह कसा आहे? चांगला, पण जुन्या नावांवर उभा. भीमसेनजी, मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई, कुमारजी, अब्दुल करीम खाँसाहेब. ७८ च्या तबकड्यांवरचं गाणं तीन-साडेतीन मिनिटांत संपतं, ती एकापाठोपाठ आली की प्रहर बदलल्यासारखा भास होतो. हयात गायक जवळपास नाहीत. आणि मला जे सगळ्यात लागलं ते हे, की वसंतराव देशपांडे नाहीत. अहो, माणूस मूर्तिजापूरला जन्मला, नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे शिकला, तिकडे लाहोरला असद अली खाँसाहेबांकडून मारवा घेऊन आला, आणि मारव्याच्या घरात त्यांचं नाव नाही? नागपुरात विकायला आणलेल्या डब्यात तरी असावं. मी पेन ड्राइव्हवर घालून घेतलं. पेन ड्राइव्हवरचं गाणं प्रहरात बसत नाही, ते वेगळं हातानं लावावं लागतं.

पावसाळ्याचं काय, हा प्रश्न मला जूनच्या शेवटी पडला. मियाँ मल्हार डब्यात फक्त मध्यरात्रीच्या घरात आहे. शास्त्राप्रमाणे बरोबरच आहे, पण पावसाळ्यात मल्हार कधीही गातात, तशी मुभा आहे, वसंत ऋतूत बसंतला असते तशीच. अंबाझरी तलावाच्या बाजूनं दुपारी तीनला काळं होऊन आलं, पहिला धो धो पाऊस, आणि हा भीमपलासी वाजवतोय. ऋतूंसाठी एक बटण द्यायला काय हरकत होती? भैरवीची अडचण उलटी. ती डब्यात सकाळीच लागते, पण आपल्या कानाला ती कार्यक्रम संपल्याची खूण, मग रात्रीचे दहा का असेनात. भैरवीला वेळेची फिकीर तशीही नाही. केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत घालून अवकाशात पाठवलीय. तिथं कसला पहिला प्रहर आणि कसला चौथा.

आवाजाबद्दल. एकटा डबा मध्य आणि तार सप्तकाला ठीक, मंद्राला कच्चा. दरबारी, पूरिया यावर निम्मे कळतात. शिवाय आपल्या गावात मार्च ते जून कूलर असतो. खसच्या ताट्यांतून येणारी हवा, पंप आणि पंखा मिळून जी घरघर करतात त्यात तानपुरा बुडतोच, विलंबितातली खर्जाची कामंही बुडतात. दुपारचा वृंदावनी सारंग मी उन्हाळाभर कूलरच्या घरघरीतून वेचून वेचून ऐकला. म्हणून मागच्या भोकातून जुने मोठे स्पीकर जोडा, फरक जमीन-अस्मानाचा पडतो.

पण जोडलेत तर सोबत मिळालेला अ‍ॅडॉप्टर काढून ठेवा. बॅटरीवर चालवा. अ‍ॅडॉप्टर स्वस्तातला आहे, गाळणी नीट नाही, आणि आपली वीज पन्नास सायकलची असल्यामुळे त्यातून शंभर सायकलचा घुमा येतो. मी आयुष्यभर हा आवाज ऐकलाय, झोपेतही ओळखतो. पेटीवर शोधला तर तो पांढरी पाचच्या (पाचव्या पांढऱ्या पट्टीच्या) किंचित वर लागतो. आता गंमत बघा. पुरुष गायक बरेचदा काळी एकमध्ये गातात. काळी एकला षड्ज धरला तर पांढरी पाच म्हणजे तीव्र मध्यम. म्हणजे गायक पहाटेचा भैरव गातोय, शुद्ध मध्यम लावतोय, आणि भिंतीतून महावितरणचा प्रवाह त्याच्यामागं अखंड तीव्र मध्यम धरून बसलाय, तोही थोडा चढलेला. मध्यमावरून वेळ ओळखायची असेल तर या अ‍ॅडॉप्टरवर दिवसभर संध्याकाळच असते. बायकोला मी हे समजावून सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की तिनं माहेरी फोन करून सांगितलं. बायकांचे आवाज काळी चार-पाचमध्ये असतात. काळी चारला हाच घुमा षड्जाच्या जेमतेम खाली येतो, ते तर अगदीच असह्य. बॅटरी पूर्ण भरली की माझ्याकडे एक रात्र निघते. उन्हाळ्यात कमी.

बाकी किरकोळ. रिमोट आहे, पण अंधारात त्याची बटणं दिसत नाहीत आणि या डब्याचं निम्मं काम अंधारातलं. वीज गेली तर घड्याळ टिकून राहतं, हे मात्र छान. पुस्तिकेतलं मराठी वाचवत नाही, हिंदी वाचा.

पाचपैकी साडेतीन. अर्धा तानपुऱ्याच्या मध्यमाचा, एक संग्रहाचा, उरलेले दोन बारा ते सहाच्या घरांचे. गाणं तोडायचं थांबवलं तर मी लगेच साडेचार करीन.

घ्यायला गेलात तर दुकानातच तीन गोष्टी बघा. खुंटी दाबून प्रहर बदलतो की नाही, पोरगा काहीही सांगो. तानपुऱ्याचा मध्यम चालू आहे की नाही, कारण दाखवायला ठेवलेल्या एका डब्यात तो बंदच होता. आणि बॅटरी कंपनीची बसवलेली आहे की नंतर कुणी बदललेली, ते मागचं झाकण उघडायला लावून. छापील किमतीवर चारशे रुपये सहज सुटतात, जास्त घासाघीस केली तर पेन ड्राइव्ह फुकट. वॉरंटी वर्षाची आहे पण बिलावर शिक्का नसेल तर ती धरत नाहीत, तेव्हा शिक्का मारून घ्या, आणि अ‍ॅडॉप्टर बदलून द्या म्हणून तिथंच उभं राहून मागा. मला त्यांनी बदलून दिला. तोही पांढरी पाचच्या वरच लागतो.